सोन्याचे नाणे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे का, हे कसे ठरवावे

सोन्याच्या नाण्याविषयी दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि घरोघरी ते एका दमात विचारले जातात. पहिला प्रश्न धातूचा आहे: हे सोने आहे का, असल्यास किती टंचाचे (म्हणजे किती शुद्ध) आणि किती वजनाचे? दुसरा प्रश्न ओळखीचा आहे: हे नाणे ज्या टांकसाळीचे, ज्या काळाचे आणि ज्या राजवटीचे म्हणून सांगितले जाते, तिथलेच आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरचा किंवा रविवार पेठेतला कोणताही जाणता सराफ आपल्यासमोर, काही मिनिटांत देतो. दुसऱ्याचे उत्तर देणे हे त्याचे काम नाही, आणि त्याने ते आपणहून दिलेच तर ऐकून घ्यावे, पण त्यावर व्यवहार करू नये. नाणे तज्ज्ञाकडून प्रमाणित करून घेणे म्हणजे या दुसऱ्या प्रश्नासाठी पैसे, वेळ आणि थोडी जोखीम पत्करणे होय. म्हणून तो प्रश्न आपल्यापुढे खरोखरच उभा आहे का, हे आधी पाहावे.

ते पाहण्याची सोपी रीत अशी की, तज्ज्ञाचे उत्तर आल्यावर आपण नेमके काय वेगळे करणार आहोत, हे स्वतःला विचारावे. नाणे विकायचे नसेल, त्यावर कर्ज काढायचे नसेल, भावंडांच्या वाटणीत ते जाणार नसेल आणि दर दसऱ्याला पूजेत ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नसेल, तर उत्तर काहीही आले तरी नाणे त्याच डब्यात परत जाणार असते. अशा वेळी केवळ कुतूहलापोटी पैसे खर्च करण्यास हरकत नाही, पण ती गरज आहे असे मात्र समजू नये.

आधी नाण्याची जात ओळखावी

पुण्यातल्या घरांत सापडणारी सोन्याची नाणी ढोबळमानाने चार-पाच प्रकारांत मोडतात, आणि निर्णय बराचसा त्या प्रकारावरच ठरतो.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे बँकेतून किंवा सराफी पेढीतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घेतलेली एक, दोन, पाच किंवा दहा ग्रॅमची नाणी. त्यांना संग्राहकाची किंमत नसते. वजन, शुद्धता आणि त्या दिवसाचा भाव एवढाच त्यांचा हिशेब असतो. ती सीलबंद कार्डात असतील आणि बिल जपून ठेवलेले असेल, तर कार्ड फोडून तपासणी करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे आहे. बँका स्वतः विकलेली नाणी परत विकत घेत नाहीत, त्यामुळे ती शेवटी सराफाकडेच जाणार आणि सराफ ती स्वतः तपासणारच. कार्ड फुटलेले असेल किंवा बिल नसेल, तर सराफाकडच्या यंत्रावर तपासून घेणे पुरेसे आहे.

दुसरा प्रकार गिन्नीचा, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिनचा. महाराष्ट्रात लग्नाकार्यात, बारशाला आणि निवृत्तीच्या वेळी गिन्नी देण्याची पद्धत होती, त्यामुळे ती अनेक घरांत असते. तिचे माप ठरलेले आहे: वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी सुमारे १.५२ मिलिमीटर, धातू २२ कॅरेट, आणि त्यात निव्वळ सोने ७.३२ ग्रॅम. वापरून झिजलेली गिन्नी ७.९३८ ग्रॅमपर्यंत चलनात ग्राह्य धरली जात असे. त्याहून हलकी झाल्यास ती काढून घेतली जाई. बहुतेक गिन्न्या सामान्य सालांच्या असतात आणि त्यांना सोन्याच्या किमतीहून थोडीच अधिक रक्कम मिळते. भारतीय संग्राहकाला आकर्षण असते ते १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या गिन्नीचे. पंचम जॉर्जच्या या नाण्यावर घोडेस्वार संत जॉर्जच्या चित्राखाली, जमिनीच्या रेषेवर आणि सालाच्या बरोबर वर रोमन लिपीतले 'आय' हे बारीक अक्षर असते. ही नाणी सुमारे तेरा लाख पाडली गेली, म्हणजे ती दुर्मीळातली दुर्मीळ नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. त्याच साली मुंबईत त्याच वजनाची आणि त्याच शुद्धतेची पंधरा रुपयांची मोहरही पाडली गेली. ती हाती असेल तर प्रमाणपत्राचा विचार गांभीर्याने करावा. उलट, 'आय' हे अक्षर आणि २०१३ किंवा नंतरचे साल दिसले, तर ते अलीकडे भारतात एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने पाडलेले आधुनिक नाणे आहे आणि त्याची गणना पहिल्या प्रकारातच करावी.

तिसरा प्रकार पुतळीचा आहे, आणि यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण इथे गैरसमज सर्वाधिक आहेत. पुतळ्यांच्या माळेचे मूळ व्हेनिसच्या डुकाट या नाण्यात आहे. त्याच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत उभा ख्रिस्त असतो. आपल्याकडे त्या आकृत्यांत लोकांनी देवादिकांच्या मूर्ती पाहिल्या. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध, म्हणून व्यापारात या नाण्याला मोठा मान होता. परिणामी त्याच्या नकला भारतातच मोठ्या प्रमाणावर झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच चांगल्या सोन्याच्या आहेत. १७९७ साली व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले तरी सोनारांनी पुतळ्या करणे थांबवले नाही. आज मिळणाऱ्या पुतळ्या तर साच्यात ठोकलेल्या पातळ चकत्या असतात. म्हणजे एकाच माळेत व्हेनिसचे अस्सल नाणे, जुनी देशी नक्कल आणि आजीने नंतर भर घातलेल्या चकत्या शेजारी शेजारी ओवलेल्या असू शकतात. भिंगातून अक्षरे पाहिल्यास फरक बऱ्याचदा कळतो: अस्सल नाण्यावर लॅटिन मजकूर वाचता येतो, तर नकलेवर अक्षरे निरर्थक रेघोट्यांत विरघळलेली असतात, कारण साचा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. माळेतली एक पुतळी अस्सल ठरली म्हणून सगळी माळ अस्सल ठरत नाही. आणि प्रमाणपत्रासाठी माळ तोडावी का, यावर माझे मत नकारार्थी आहे. जुनी, न मोडलेली माळ दागिना म्हणूनच अधिक मोलाची असते.

चौथ्या प्रकारात मोहरा येतात. मुघल मोहर साधारण अकरा ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध सोन्याची असते. ईस्ट इंडिया कंपनीची १८३५ ची, चौथ्या विल्यमचे मुख असलेली मोहर एक तोळ्याची, म्हणजे ११.६६ ग्रॅमची आणि २२ कॅरेटची असते. यांच्या बाबतीत धातूची किंमत आणि नाण्याची किंमत यांत मोठे अंतर असू शकते, म्हणून तज्ज्ञाचे मत घेण्यास सर्वाधिक योग्य अशी हीच नाणी आहेत.

शेवटी होन. छत्रपती शिवाजी महाराजांच्या होनावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा मजकूर असतो आणि वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि स्मरणिका म्हणून केलेल्या प्रतिकृती मात्र हव्या तितक्या मिळतात. चोख सोन्यात ठोकलेली प्रतिकृतीही असते, त्यामुळे 'सोने खरे निघाले' एवढ्यावर कोणी हुरळून जाऊ नये. होन समोर आला की तो प्रतिकृती आहे असे धरूनच चालावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी नाण्यावर टाकावी. १८१८ सालाचा आणि ईस्ट इंडिया कंपनीचा उल्लेख असलेली, रामदरबार किंवा हनुमानाचे चित्र असलेली 'नाणी' तर कंपनीने कधी पाडलीच नव्हती; त्यांच्यासाठी तज्ज्ञाचा वेळ घेऊ नये.

घरच्या घरी काय कळते

पैसे खर्च करण्यापूर्वी तासाभरात घरी पुष्कळ काही कळू शकते. त्यासाठी शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढेच लागते. नाणे हाताळताना ते कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. चिंच, रिठे, टूथपेस्ट किंवा पॉलिश यांनी नाणे उजळू नये. जुन्या नाण्याचा पृष्ठभाग घासला गेला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते, आणि ती पुन्हा चढत नाही.

ठरलेल्या मापाच्या नाण्यात वजन आणि आकार हे दोन आकडे एकत्र पाहिले की बराच निकाल लागतो. सोने इतके जड आहे की स्वस्त धातूत तेच वजन आणायचे तर नाणे जाड किंवा मोठे करावेच लागते. गिन्नीच्या नेमक्या आकाराची चकती पितळेत केली तर ती चार ग्रॅमच्याही आत भरेल आणि चांदीत केली तर पाच ग्रॅमच्या आत. आठ ग्रॅमचे वजन हवे असेल तर जाडी जवळपास पावणेदोन ते दोनपट होईल आणि ती कॅलिपरवर लगेच पकडली जाईल. म्हणून व्यास, जाडी आणि वजन हे तिन्ही आकडे जुळलेल्या गिन्नीत मुलामा दिलेल्या पितळेची किंवा चांदीची शंका उरत नाही.

ज्या नाण्याचे माप ठाऊक नाही, त्याची घनता काढावी. पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असे हाताने किंवा वर आडव्या ठेवलेल्या पट्टीला टांगून धरावे आणि त्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटकावेत. काट्यावर जो आकडा येतो, तो नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन असतो. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. गिन्नीसाठी काट्यावरचा आकडा ०.४५ ते ०.४६ ग्रॅमच्या दरम्यान येतो आणि घनता साडेसतराच्या आसपास निघते, जी २२ कॅरेट सोन्याला साजेशी आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३, शिशाची ११.३, चांदीची १०.५ आणि पितळेची साधारण साडेआठ असते.

या रीतीच्या दोन मर्यादा आहेत. नाणे लहान असेल तर काट्याची चूक मोठी होते: साडेतीन ग्रॅमच्या पुतळीने सारलेले पाणी जेमतेम ०.१८ ग्रॅम भरते, आणि काटा एका शतांशाने इकडेतिकडे झाला तर घनता साडेअठरापासून साडेवीसपर्यंत काहीही दिसू शकते. अशा नाण्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा सराफाचा काटाच हवा. दुसरी मर्यादा अशी की, नाण्याला कडी जोडलेली असेल तर कडीचे आणि डागाचे (म्हणजे कडी सांधणाऱ्या धातूचे) वजन व घनता त्यात मिसळतात. साडेआठ ग्रॅम भरणारी गिन्नी पाहून ती खोटी ठरवण्यापूर्वी वरच्या कडेला डागाची खूण आहे का, ते पाहावे.

त्यानंतर भिंग घ्यावे. ओतून केलेल्या बनावट नाण्याच्या सपाट भागावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोलसर असतात, आणि काही वेळा नाण्याच्या कडेवरून साच्याच्या दोन भागांची जोडरेघ फिरलेली आढळते. ठोकून पाडलेल्या अस्सल नाण्यात सपाट भाग गुळगुळीत आणि अक्षरांच्या कडा धारदार असतात. झीज असली तरी ती उंच भागांवर, म्हणजे गाल, केस आणि घोड्याचा फरा अशा ठिकाणी आधी दिसते. खोल भाग झिजलेला आणि उंच भाग ताजा, असे उलटे चित्र दिसले तर नाणे बाजूला ठेवावे आणि तज्ज्ञालाच दाखवावे.

एवढे करूनही गिन्नीबाबत एक शंका शिल्लक राहते. विसाव्या शतकाच्या मध्यात लेबनॉनसारख्या ठिकाणी गिन्नीच्या नकला पूर्ण वजनाच्या आणि चांगल्या सोन्याच्या करण्यात आल्या, कारण बाजारात गिन्नीला सोन्याहून अधिक भाव होता. अशा नकला वजनात आणि घनतेत पास होतात. त्या सोने म्हणून विकायच्या असतील तर काहीच नुकसान नाही. दुर्मीळ सालाची गिन्नी म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तरच या फरकाला महत्त्व येते.

सराफाकडे जाताना

सराफाकडे गेल्यावर आधीच स्पष्ट सांगावे की नाण्याला कसोटीवर घासायचे नाही, तेजाब लावायचे नाही आणि उजळायचे नाही. कसोटीच्या दगडावर ओढलेली एक रेघ दागिन्याला खपते. मोहरेच्या कडेवर ती कायमची खूण राहते. बहुतेक मोठ्या पेढ्यांत क्ष-किरणांवर चालणारे कॅरेट मोजण्याचे यंत्र असते, आणि नाण्याला हात न लावता ते सोने, चांदी, तांबे यांचे प्रमाण टक्क्यांत दाखवते. मात्र हे यंत्र केवळ पृष्ठभागच वाचते. ते आत जाते काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यामुळे आत टंगस्टन भरलेला जाड नग त्याला फसवू शकतो, कारण टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ, १९.२५ आहे. हे भय शंभर ग्रॅमच्या लगडीबाबत खरे आहे. एक-दोन ग्रॅमच्या नाण्यात एवढा खटाटोप कोणी करत नाही. मोठ्या नगासाठी विद्युत्वाहकता किंवा ध्वनिलहरी मोजणाऱ्या उपकरणाची तपासणी मागावी.

भट्टीत गाळून काढलेला टंच हा सर्वांत अचूक मानला जातो, पण त्यासाठी धातूचा तुकडा काढून वितळवावा लागतो. जुन्या नाण्यासाठी ही पद्धत कोणी सुचवली तर नाणे उचलून घरी यावे.

इथे हॉलमार्कविषयीही सांगायला हवे, कारण अनेकांना हॉलमार्क म्हणजेच प्रमाणपत्र वाटते. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक म्हणजे शुद्धतेचा दाखला आहे. २२ कॅरेट सोन्यात कालपरवा ठोकलेल्या 'होना'चे लॉकेट रीतसर हॉलमार्क होऊ शकते आणि तरीही तो होन नसतो. दागिन्यांसाठी असलेली हॉलमार्कची सक्ती नाण्यांच्या रूपातील सोन्याला लागू नाही, त्यामुळे जुन्या नाण्यावर हॉलमार्क नाही यात वावगे काही नाही. उलट, त्यावर लेझरने कोरून घेण्याचा मोह टाळावा.

हिशेब मांडून पाहावा

आता निर्णयाकडे येऊ. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरला, तर गिन्नीतल्या ७.३२ ग्रॅम सोन्याचे ७३,२०० रुपये होतात. ती सामान्य सालाची असेल आणि संग्राहक तिला दोन-चार हजार अधिक देणार असेल, तर तज्ज्ञाचे शुल्क, जाणे-येणे आणि विमा यांतच ती वरकड संपते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा हा प्रकार होतो. मात्र गोष्ट १९१८ च्या पंधरा रुपयांच्या मोहरेची किंवा चांगल्या स्थितीतल्या मुघल मोहरेची असेल, तर अस्सलपणाचा पुरावा हाती असणे आणि नसणे यांत विक्रीच्या रकमेत पुष्कळ फरक पडतो. धातूची किंमत वजा केल्यावर उरणारी अपेक्षित वरकड तपासणीच्या एकूण खर्चाच्या किमान चार-पाच पट तरी असावी, असे प्रमाण मी सुचवेन. वरकड किती, हे कळण्यासाठी विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. भारतातील नाण्यांच्या लिलावांत तशाच नाण्याला प्रत्यक्ष किती बोली लागली, हे पाहावे. लिलावगृहांच्या निकालांच्या याद्या बहुधा उपलब्ध असतात.

या हिशेबाला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद वाटणीचा. आईच्या डब्यातली पाच नाणी तीन भावंडांत वाटायची असतील आणि त्यांपैकी एक मोहर असेल, तर वरकड थोडी असली तरी त्रयस्थाचे लेखी मत घ्यावे, कारण पुढे "दादाला चांगले नाणे गेले" हे वाक्य एकदा घरात शिरले की ते दोन पिढ्या निघत नाही. दुसरा अपवाद खरेदीचा. आपण नाणे विकत घेणार असू, तर मूळ प्रश्नच उलटा होतो: प्रमाणपत्र मिळवण्याचा भार विक्रेत्याचा असतो, आणि तज्ज्ञाने नाकारल्यास पैसे परत करण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फेरफटका मारताना तांब्याची शिवराई हौसेने जरूर घ्यावी. सोन्याचे नाणे तिथे उभ्या उभ्या घेऊ नये.

कोणाकडे जावे

पुण्यात नाणेसंग्राहकांचा वर्ग जुना आणि जाणकार आहे. शहरात भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत अनुभवी संग्राहक आणि व्यापारी एकाच छताखाली भेटतात. तिथे नाण्याचे छायाचित्र आणि अचूक वजन घेऊन गेल्यास, नाणे न नेताही, पुढे जाण्यात अर्थ आहे की नाही हे दोघा-तिघांच्या प्रतिक्रियांवरून उमगते. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज या संस्थांत अभ्यासाचे मोठे साधन आहे, आणि मराठेशाहीतील नाण्यांविषयी वाचन करायचे असेल तर तिथल्या ग्रंथालयांइतकी चांगली जागा नाही. मात्र संशोधन संस्थेकडे बाजारभावाचा दाखला मागू नये. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राला वाहिलेली स्वतंत्र संशोधन संस्था आहे. विक्रीचा इरादा पक्का असेल, तर मुंबईतील किंवा अन्य शहरांतील नाण्यांच्या लिलावगृहाकडे नाणे दाखवणे हा व्यवहार्य मार्ग आहे, कारण लिलावात घेण्यापूर्वी ते नाणे तपासतातच.

परदेशी कंपन्यांकडून नाणे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, ७० पैकी गुण देऊन प्रमाणित करून घेण्याची पद्धत आपल्याकडेही माहीत झाली आहे. अमेरिकेतील पीसीजीएस आणि एनजीसी या त्यांतल्या प्रमुख कंपन्या आहेत. पण इथे कायद्याची मोठी आडकाठी आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे मुघल मोहर, कंपनीची मोहर, होन, डुकाट आणि १९१८ ची गिन्नी यांपैकी काहीही कुरिअरने परदेशी पाठवणे हा गुन्हा होऊ शकतो, मग हेतू केवळ तपासणीचा का असेना. आधीपासून अशा डबीत असलेले नाणे कोणी विकत असेल, तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून छायाचित्राशी ताडून पाहावा. नाण्यांप्रमाणे डब्याही बनावट निघतात. कडी काढलेल्या किंवा घासलेल्या नाण्याला या कंपन्या अस्सल म्हणून मान्य करतात, पण गुण देत नाहीत, केवळ दोषाची नोंद करतात. त्यामुळे माळेतून काढलेल्या नाण्याकडून फार मोठी आशा ठेवू नये.

मत देणाऱ्याला दोन प्रश्न आधीच विचारावेत. शुल्क ठरावीक आहे की नाण्याच्या किमतीच्या टक्केवारीत? आणि नाणे विकत घेण्यात त्यांना स्वतःला रस आहे का? पहिल्याचे उत्तर टक्केवारी असे आले किंवा दुसऱ्याचे होकारार्थी आले, तर ते मत कितीही प्रामाणिक असले तरी त्रयस्थाचे राहत नाही. लेखी मतात दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मिलिग्रॅमपर्यंतचे वजन, व्यास, धातूच्या तपासणीचा निकाल, राजा, टांकसाळ आणि साल यांची निश्चिती, डागाच्या किंवा घासण्याच्या खुणांचा उल्लेख, तारीख आणि सही एवढे असलेच पाहिजे. 'नाणे जुने व सोन्याचे आहे' एवढेच लिहिलेल्या कागदासाठी पैसे देऊ नयेत.

जे नाणे जमिनीतून निघाले

पेठांतले जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि पाया खोदताना किंवा भिंत उतरवताना नाणी सापडल्याच्या गोष्टी कानावर येतात. अशा नाण्याच्या बाबतीत प्रमाणपत्राचा विचार नंतरचा. १८७८ च्या भारतीय गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीतही, दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती रक्कम आज हास्यास्पद वाटली तरी कायदा लागू आहे.

याच गोष्टींचा आधार घेऊन फसवणूकही होते. खोदकामात घागर सापडली, घाईने विकायची आहे, असे सांगणारा माणूस तपासणीसाठी एक-दोन नाणी देतो. ती सराफाकडे अस्सल सोन्याची ठरतात, कारण ती मुद्दाम अस्सलच दिलेली असतात, आणि पैसे मोजल्यावर हाती येते ते पितळ. एका नाण्याची तपासणी ही त्या एका नाण्याचीच असते. त्याचप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी लाखो रुपयांना घेतो असे सांगून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे बँकेने २०२१ साली जाहीरपणे सांगितले आहे.

नाणे दुसऱ्याच्या हाती देताना

तज्ज्ञाकडे द्यायचे ठरलेच, तर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची स्वच्छ छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत. कडेवरची एखादी चिमटी, एखादा ओरखडा किंवा अक्षराजवळचा ठिपका त्यांत टिपला गेला पाहिजे, कारण परत आलेले नाणे तेच आहे हे सिद्ध करण्याचा तोच आधार असतो. वजन दोघांच्या समक्ष मिलिग्रॅमपर्यंत करून पावतीवर लिहून घ्यावे आणि पावतीवर 'पिवळ्या धातूचे नाणे, एक नग' असे न लिहिता नाण्याचे पूर्ण वर्णन व परत करण्याची तारीख मागावी. शक्य असेल तर तपासणी आपल्यासमोरच करून घ्यावी आणि नाणे त्याच दिवशी घरी आणावे. एकाहून अधिक नाणी असतील तर पहिल्या खेपेस सर्वांत सामान्य नाणे द्यावे, आणि ते ज्या रीतीने हाताळले जाते ते पाहूनच मोहर बाहेर काढावी.